दहा कोंबड्या, कोंबडे किती?

राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने वर्षानुवर्षे राबवलेली एक योजना आहे. परसात कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबाला निम्म्या अनुदानावर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा एक गट द्यायचा. गटात पक्षी किती? २५ माद्या आणि ३ नर. सरकारी कागदावरच्या ज्या असंख्य आकड्यांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्यांतलाच हा एक. पण जरा थांबून विचारावेसे वाटते : तीनच का? दोन का नाहीत, पाच का नाहीत? आणि हा हिशेब मुळात केला कोणी, खात्यातल्या डॉक्टरांनी की कोंबड्यांनी?

हा प्रश्न आता केवळ वाडीवस्तीवरचा राहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत गावी अडकलेल्या अनेकांनी वेळ घालवायला म्हणून चार कोंबड्या पाळल्या आणि त्यातल्या काहींना तो नाद लागला तो लागलाच. शहराच्या कडेला दोन-चार गुंठे घेऊन घर बांधणारी, निवृत्तीनंतर कोकणात परतणारी मंडळीही 'गावरान अंडे' या दोन शब्दांच्या मोहात पडून खुराडे उभारतात. खुराडे झाले, जाळी लागली, सहा कोंबड्या आल्या. मग शेजारी विचारतो, "अहो, कोंबडा कुठाय?" आणि तिथून गोंधळाला सुरुवात होते.

या गोंधळातली पहिली गाठ आधी सोडवू. कोंबडा नसला तर कोंबडी अंडे घालते का? चांगल्या शिकलेल्या घरांतही यावर वाद झडताना ऐकू येतात. उत्तर सरळ आहे : घालते. कोंबडीच्या पोटात साधारण पंचवीस-सव्वीस तासांत एक अंडे तयार होते. कोंबडा असो वा नसो, त्या यंत्राला फरक पडत नाही. दुकानात तीस-तीसच्या ट्रेमधून येणारे पांढरे अंडे ज्या कोंबडीने घातलेले असते, तिने जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिल्लू हवे असेल तर.

गंमत म्हणजे या साध्या गोष्टीने एका मोठ्या माणसालाही विचारात पाडले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी अंड्याचा विषय काढला आणि म्हटले, की कोंबड्याचा संबंध न येता घातलेल्या अंड्यातून पिल्लू कधीच होत नाही. तेव्हा जो दूध घेतो त्याला असे अंडे घ्यायला हरकत नसावी. शाकाहाराबद्दल इतका काटेकोर असलेला माणूस हे लिहितो, ही गोष्ट अनेकांना आजही ठाऊक नसते. असो.

म्हणजे ज्याला फक्त अंडी खायची आहेत त्याच्यासाठी आमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर 'शून्य' असे आहे. वर शेजाऱ्यांची पहाटेची झोपही शाबूत राहते. बंगल्यांच्या वसाहतीत हा मुद्दा लहान नाही.

पण कोंबडी पाळणे म्हणजे निव्वळ अंड्यांचे यंत्र बसवणे नव्हे, असे मानणारे लोक अजून आहेत. खेड्यात तर पिल्ले हवीतच. तिथे कोंबडीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. जी जाते तिची जागा पिल्लांनीच भरायची असते. तेव्हा तिथला हिशेब पाहू.

जाणकार सांगतात ते प्रमाण ढोबळमानाने असे : आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. अंगाने हलक्या, चपळ जातींत एक कोंबडा दहा-बारा जणींना पुरतो. वजनदार जातींत आठांमागे एक बरा. सरकारी गटातले २५ ला ३ हे याच हिशेबातले. एकटा कोंबडा याहून जास्त कोंबड्यांवर चढणार नाही असे नाही, तो दिवसातून कितीतरी वेळा चढतो. पण तो सगळ्यांना सारखा वाटा देत नाही. त्याच्या आवडत्या चार-दोन असतात, आणि कळपाच्या कडेने वावरणाऱ्या कोंबड्या राहून जातात. त्यांची अंडी मग उबवणीखाली एकवीस दिवस गरम होतात आणि शेवटी टाकून द्यावी लागतात.

मात्र निसर्गाने इथे एक सोय करून ठेवली आहे. कोंबडीच्या अंडनलिकेत अतिशय बारीक नळ्या असतात. त्यांत नराचे बीज साठून राहते आणि थोडे थोडे करून रोजच्या अंड्याला मिळते. एका मीलनानंतर आठवडाभर, कधी दोन आठवडे, क्वचित तीन आठवड्यांपर्यंत अंडी फलित निघू शकतात. म्हणूनच कोंबडा आज कापला तरी उद्यापासून अंडी वांझ होत नाहीत. आणि म्हणूनच, नवा कोंबडा आणला तर पहिले तीन आठवडे जी पिल्ले मिळतील ती जुन्याची की नव्याची, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. जात सांभाळू पाहणाऱ्याने हे तीन आठवडे सोडून मगच अंडी उबवायला ठेवावीत.

एक कमी पडला तर काही अंडी वाया जातात, एवढाच तोटा. जास्त झाले तर मात्र तोटा कोंबड्यांच्या अंगावर दिसतो, अगदी शब्दशः. सहा कोंबड्यांमध्ये तीन कोंबडे सोडून पाहा. महिन्याभरात कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे झडून लाल कातडे उघडे पडते, मानेमागची पिसे उपटली जातात, पंखांच्या मुळाशी कोंबड्याच्या पायामागच्या काट्याने जखमा होतात. कोंबड्या दाण्यावर येईनात, खुराड्याच्या कोपऱ्यात किंवा आंब्याच्या फांदीवर बसून राहू लागल्या, की ओळखावे. अशा वेळी लोक जंताचे औषध आणतात, पिसवा मारण्यासाठी राख फासतात. औषध साधे असते : एक कोंबडा कमी करणे.

आता कुणी म्हणेल, कोंबड्याला दुसरे काही काम आहे की नाही? आहे, आणि ते बसून पाहण्यासारखे आहे. कोंबडा उकिरडा उकरतो, त्याला एखादा किडा किंवा जोंधळ्याचा दाणा दिसतो. तो स्वतः खात नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घाईघाईने 'कुक्-कुक्-कुक्' करून कोंबड्यांना बोलावतो. त्या धावत येतात. आसपास कोंबडी नसेल तर मात्र हा औदार्याचा प्रयोग सहसा होत नाही. आणि अभ्यासकांनी असेही नोंदले आहे, की कधीकधी हे महाशय चोचीत काही नसतानाही तसेच बोलावतात. आपल्या ओळखीची काही माणसे आठवावीत अशीच ही लबाडी.

दुसरे काम राखणीचे. आकाशात घार दिसली तर कोंबडा एक लांब, बारीक आवाज काढतो. मुंगूस किंवा कुत्रे जमिनीवरून आले तर वेगळाच, तुटक कलकलाट करतो. पहिला आवाज ऐकला की कोंबड्या जागच्या जागी दबून बसतात किंवा झुडपात शिरतात, दुसऱ्याने माना उंच करून उभ्या राहतात. कोंबडीला या दोन आवाजांतला फरक घार न बघताही कळतो. परसात मोकळ्या फिरणाऱ्या कळपाला असा एक पहारेकरी असणे किती मोलाचे, हे ज्याची पिल्ले घारीने नेली आहेत त्याला विचारावे.

तिसरे काम भांडणे मिटवण्याचे. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने कोंबड्यांतली उतरंड प्रथम शास्त्रशुद्ध मांडली. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची बिचारी कुणालाच नाही. या गृहस्थाने लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळून हे टिपले होते. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या सुनांना हे समजायला नॉर्वेचा माणूस लागला नसता, हा भाग वेगळा! तर कोंबड्यांची उतरंड माद्यांची निराळी, नरांची निराळी. एक खमका कोंबडा असला तर माद्यांची टोचाटोची बरीच आटोक्यात राहते. दोन तुल्यबळ असले तर त्यांचेच भांडण संपत नाही.

'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हण आपण दुसऱ्याला ऐकवण्यासाठी वापरतो; पण कोंबड्याच्या बाबतीतही ती किती खरी आहे हे जपानमध्ये सिद्ध झाले. नागोया विद्यापीठातल्या शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी कोंबडे अंधुक उजेडात कोंडून ठेवले, बाहेरचा सूर्य त्यांना दिसू दिला नाही, तरी ते पहाटेच्या वेळी आरवलेच. घड्याळ त्यांच्या अंगातच असते, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये त्यांनी पुढची गोष्ट दाखवली : कळपात अनेक कोंबडे असतील तर पहिली बांग सर्वांत वरच्या मानाच्या कोंबड्याची असते. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, क्रमाने. त्याला बाजूला काढले तर दुसऱ्या क्रमांकाचा पहिला होतो. म्हणजे आपल्या खुराड्यात मालक कोण, हे ठरवायला फार बघावे लागत नाही. पहाटे अंथरुणातूनच ऐकले तरी पुरते.

पण मालकाला वाटते तितकी त्याची मालकी पक्की नसते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांवर केलेला एक अभ्यास २००० साली 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यात आढळले, की खालच्या दर्जाचा कोंबडा जबरदस्तीने चढला तर कोंबडी बऱ्याचदा त्याचे बीज लगेच बाहेर टाकून देते. निवड तिची असते. ती आपण पाहत नाही, इतकेच. जास्तीचे कोंबडे ठेवून अंडी जास्त फलित होतील या समजुतीला यातूनही धक्का बसतो. तरणे कोंबडे कोंबड्यांच्या मागे लागतात, त्यांना पळवतात, दमवतात आणि पिल्लांच्या हिशेबात भर मात्र फारशी टाकत नाहीत.

तेव्हा दहा कोंबड्यांना एक. फार तर दोन, आणि दुसरा का, ते पुढे येईलच. इथपर्यंत हिशेब सोपा आहे. अवघड गोष्ट पुढे आहे, ती अशी, की कोंबडे आपण मागवून घेत नाही. ते येतात.

पिल्लांत निम्मे नर, निम्म्या माद्या. 'लांबट अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी' अशी समजूत अनेक ठिकाणी ठाम असते. तिला काही आधार नाही. जाता जाता सांगायचे म्हणजे, माणसात मूल मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावर ठरते, कोंबड्यांत ते आईच्या बीजावर ठरते. आपल्या समाजात ज्या गोष्टीचा दोष नसताना बाईला दिला गेला, ती गोष्ट कोंबडी खरोखरच ठरवते. आणि तिच्याकडून अपेक्षा मात्र मुलींचीच असते!

समजा, एका घरी आठ गावठी कोंबड्या आहेत. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. खेप संपली की ती खुडूक होते. वर्षभरात अशा सहा खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या, प्रत्येकीखाली दहा अंडी ठेवली आणि आठ फुटली, तर अठ्ठेचाळीस पिल्ले झाली. घार, मांजर, मुंगूस, पहिला वळीव आणि आजार यांनी निम्मी नेली असे धरा. उरली चोवीस. त्यात बारा नर. ठेवायचे एक-दोन. म्हणजे दरसाल दहा-अकरा कोंबडे त्या घरात 'जास्तीचे' असतात.

हे जास्तीचे कोंबडे कुठे जातात याचे उत्तर महाराष्ट्राच्या पंचांगातच सापडते. आषाढ अमावास्येच्या आधीची गटारी. शिमग्यातली धुळवड. कोकणात गावच्या राखणदाराला द्यायची राखण. डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस. मरीआई, जत्रा, नवस. अचानक आलेला जावई. श्रावण लागला की कोंबड्याला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे आषाढात भाव चढतो आणि ज्याच्याकडे तयार कोंबडा असेल त्याची चांदी होते. पूर्व विदर्भात आणखी एक वाट आहे, कोंबडबाजाराची. पायाला काती बांधून कोंबडे झुंजवायचे आणि पैजा लावायच्या. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे, तरी पोलिसांनी धाड घातल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतच असतात.

मोठ्या धंद्यात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो, आणि ती रीत पाहवत नाही. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी भराभर वाढतही नाही. म्हणून हॅचरीत पिल्ले एक दिवसाची असतानाच निवडतात आणि नर पिल्ले संपवून टाकतात. जगभर दरवर्षी अशी अब्जावधी पिल्ले जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून याला कायद्याने बंदी केली, फ्रान्सने त्याच वर्षाच्या अखेरीपासून. तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रे आली आहेत. आपल्याकडे यातलीच काही पिल्ले गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवून हातगाडीवर विकायला येतात. मुले हट्ट धरतात, आपण दोन घेतो, आणि चार दिवसांत खोक्यात ती मान टाकतात. 'आपल्याकडे पिल्लं जगत नाहीत' म्हणून आपण हळहळतो. ती जगण्यासाठी विकलेलीच नसतात.

त्या मानाने परसातला कोंबडा भाग्यवान. सहा-आठ महिने तरी तो उकिरड्यावर राजासारखा जगतो. आणि तो विकला जातो तेव्हा त्याचे पैसे कुठे जातात, हेही बघण्यासारखे आहे. दुधाचे पैसे डेअरीच्या खात्यात, सोयाबीनचे आणि कांद्याचे पैसे घरच्या पुरुषाच्या खिशात. कोंबड्याचे पैसे बाईच्या कनवटीला. त्यातून पोराची वही येते, औषध येते, माहेरी जायचे तिकीट निघते. भूमिहीन घरात तर कोंबड्या हीच त्या बाईची जमीन असते. म्हणून कोंबडे किती ठेवायचे हा प्रश्न तिच्यासाठी गमतीचा नसतो.

आणि इथेच एक घोटाळा होतो. या लेखात सांगण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.

जत्रेच्या आधी आठवडी बाजारात किंवा थेट दारात गिऱ्हाईक येते.

"मावशी, हा लाल तुऱ्याचा कितीला?"

"तो नगं बाबा, तो घरला ठेवलाय. ह्यो बग की, तांबडा."

"तांबड्यात काय हाय? पिसंच हायती. त्योच द्या, शंभर जास्ती घ्या."

शंभर जास्तीचे ऐकल्यावर 'घरला ठेवलेला' डालग्याखालून बाहेर येतो. यात मावशीची चूक काढणे सोपे आहे. तिच्या घरी त्या शंभराला सतरा वाटा फुटलेल्या असतात. गिऱ्हाईक हाताने वजन करून सगळ्यांत भरलेला, उंच, तेजदार कोंबडाच उचलते. देवालाही अव्यंगच लागतो. मग घरी मागे राहतो कोण? जो कुणी उचलला नाही तो. खुरटा, मागाहून वाढलेला, कधी पायात वाकडा. आणि पुढल्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तो होतो.

याच घरात ज्वारीची किंवा मक्याची काढणी झाली, की सर्वांत टपोरी कणसे बाजूला काढून आढ्याला टांगतात. बियाणे म्हणून. अडचण आली तरी त्या कणसांना कुणी हात लावत नाही. बियाणे खाल्ले तर पुढे काय, हे लहान पोरालाही कळते. कोंबड्याच्या बाबतीत मात्र आपण टपोरे कणीस विकतो आणि पोचट पेरतो. असे वर्षानुवर्षे चालले तर जात खुरटत जाणारच. 'पूर्वीच्या कोंबड्या केवढाल्या असत' असे म्हातारी माणसे म्हणतात, त्यात आठवणीचा रंग थोडा असेल. पण सगळाच नसावा.

एका कोंबडीतला दोष तिच्या पिल्लांपुरता राहतो, कोंबड्यातला दोष सगळ्या खुराड्यात पसरतो. खुराड्यातल्या प्रत्येक पिल्लाच्या अंगात निम्मे रक्त त्याचे. इतके असून आपण प्रश्न विचारतो तो 'किती' असा. 'कोणता' असे विचारायला हवे.

दुसरी बाजू आणखी अवघड. समजा, कोंबडा चांगला आहे, म्हणून त्याला ठेवला. पहिल्या वर्षी ठीक. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच्या लेकींवर चढतो, तिसऱ्या वर्षी नातींवर. मग अंडी कमी फुटू लागतात, फुटलेली पिल्ले दुबळी निघतात, एकाएकी मरतात. घरात म्हणतात नजर लागली, किंवा वाडीला पिल्लं धरतच नाहीत. नजर कुणाची लागलेली नसते. घरातल्या घरात सोयरीक झालेली असते. माणसांत सगोत्राचे इतके कटाक्षाने पाहणारे आपण, कोंबड्यांचे गोत्र कधी विचारत नाही.

यावर जुनी आणि बिनखर्चाची युक्ती आहे : दीड-दोन वर्षांनी कोंबडा बदलायचा आणि नवा शेजारच्या घरातून न आणता लांबच्या गावाहून आणायचा. शेजारचा बहुधा आपल्याच कोंबड्याचा मुलगा असतो. लेकी-सुना माहेराहून येताना पिशवीत कोंबडीचे पिल्लू घालून आणत, ती रीत अशा वेळी शहाणपणाची वाटते. आणलेला कोंबडा मात्र लगेच कळपात सोडू नये. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. आजार घेऊन आला असेल तर तेवढ्यात कळतो. वयाचेही तसेच. पहिली दोन वर्षे कोंबडा जोमात असतो, पुढे फलित अंड्यांचे प्रमाण उतरते. म्हाताऱ्या कोंबड्याचा लळा लागतो हे खरे, पण मग तो लळ्यासाठी ठेवावा, पिल्लांसाठी नव्हे.

निवडायचा कसा? वजन हे एकच माप धरू नये. डोळा तेजदार, पाय सरळ, बोटे पसरलेली, छाती भरलेली हे तर झालेच. त्यापेक्षा त्याची आई कोण हे आठवावे. जिने अंडी बरी दिली, जी खुडूक बसली आणि जिने घारीशी भांडून पिल्ले वाढवली, तिचा मुलगा ठेवावा. आणि माणसांवर धावून येणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी ठेवू नये. लहान मुलाचा डोळा कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात असतो. शिवाय तो स्वभाव पिल्लांतही उतरू शकतो.

इथे सुधारित जातींबद्दलही दोन शब्द. बंगळुरूची गिरीराज, हैदराबादची वनराज या पक्ष्यांनी परसातल्या कोंबडीपालनाला मोठा हात दिला यात शंका नाही. अंडी गावठीच्या दुपटीहून जास्त, वाढ झपाट्याने. पण या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडी गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. आणि त्यांच्या पोटच्या पिल्लांत मूळचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. दोन्ही एकत्र पाळणाऱ्याने आणखी एक पाहावे. सुधारित जातीचा भारी कोंबडा हलक्या गावठी कोंबड्यांवर सोडला तर त्यांच्या पाठींची दैना होते. तिथे प्रमाण बरोबर असूनही जखमा दिसतात.

गावठी म्हणून आपण जिला हलके लेखतो, तिचे कूळही पाहण्यासारखे आहे. घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण २००८ साली संशोधकांना आढळले, की कोंबड्यांचे पिवळे पाय आणि पिवळी कातडी ज्या जनुकामुळे येते ते आले आहे राखी रानकोंबड्याकडून. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. पहाटे घाटात त्याची तुटक बांग अजून ऐकू येते. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत याच्या कुळाचा अंश आहे, हे कळल्यावर दारातल्या कोंबड्याकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

आता तो दुसरा कोंबडा. दहा कोंबड्यांना एक पुरतो, तर दोन कशाला? कारण आपल्याकडे मर येते. राणीखेत, म्हणजे लोकांच्या भाषेत मानमोडी, गावात शिरली की आठवड्यात खुराडी ओस पडतात. लस आहे, स्वस्तही आहे. पण ती शंभर-शंभर मात्रांच्या बाटलीत येते आणि आठ कोंबड्यांसाठी कोण फोडणार, म्हणून राहून जाते. वाडीतल्या दहा घरांनी एकाच दिवशी मिळून टोचून घेतले तर हा प्रश्न उरत नाही. पण मर येऊन गेल्यावर पाहा : कुणाकडे दोन कोंबड्या वाचलेल्या, कुणाकडे तीन, आणि अख्ख्या वाडीत कोंबडा एकही नाही. अंडी आहेत, खुडूक आहे, पिल्लू नाही.

याहून मोठा घाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बसला. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तो. तिथल्या पोल्ट्रीतले लाखो पक्षी मारून पुरले. त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. रोग आवरायला ते करणे भागच होते. पण पोल्ट्रीवाल्याला हॅचरीतून नवी पिल्ले आणता येतात. पाड्यावरच्या बाईची कोंबडी तिच्या आजीच्या कोंबडीपासून चालत आलेली असते, तिचे बियाणे दुकानात मिळत नाही. तेव्हापासून देशात बर्ड फ्लू पुन्हा पुन्हा आला आहे, २०२१ च्या आरंभी महाराष्ट्रातही. म्हणून दुसरा कोंबडा असावा, आणि जमल्यास तो त्याच खुराड्यात न ठेवता बहिणीकडे, नणंदेकडे, दुसऱ्या गावी वाढायला द्यावा. तिचा आपल्याकडे, आपला तिच्याकडे. दोन्ही घरी रक्तही बदलते आणि एका ठिकाणी मर आली तर दुसरीकडे बी उरते.

एकाच खुराड्यात दोन ठेवायचे असतील तर ते एकत्र वाढलेले भाऊ असावेत, जागा मोकळी असावी आणि दाणा दोन ठिकाणी टाकावा. अनोळखी तरणा कोंबडा आणून जुन्यासमोर सोडला तर रक्तबंबाळ झाल्याशिवाय निकाल लागत नाही.

निवडीची वेळही महत्त्वाची. गटारीच्या आदल्या दिवशी, गिऱ्हाईक दारात उभे असताना ती करायची नसते. पिल्ले तीन-साडेतीन महिन्यांची झाली, तुरे लाल होऊ लागले आणि नर-मादी स्पष्ट कळू लागले, की शांतपणे आठवडाभर त्यांच्याकडे पाहावे. दोन निवडावेत. त्यांच्या पायात जुन्या लुगड्याची चिंधी सैलसर बांधावी, आणि पाय जाड होईल तशी ती सोडून पुन्हा बांधावी. बाकीचे खुशाल बाजारात न्यावेत, भाव येईल तसे. चिंधीचा कोंबडा डालग्याखालून काढायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना, आणि विशेषतः पाहुणा दारात दिसला की सुरी शोधणाऱ्या पुरुषमाणसांना, आषाढ लागण्यापूर्वीच सांगून ठेवावे.